फिल्म-टीव्हीचं एमए, दहा वर्षांच्या गॅपनंतर : ऐरोली ते खारीगाव

जुलैच्या शेवटी चौथ्या सेमचा रिझल्ट लागला आणि एमए इन फिल्म, टेलिव्हिजन अँड न्यू मीडिया प्रॉडक्शन एवढं लांबलचक नाव असलेला कोर्स एकदाचा पूर्ण झाला. वय ३३. घरात कोणीही या लाइनमधलं नाही. २०२१ मध्ये मी पहिल्यांदा शोधाशोध करत होते तेव्हा फी, कागदपत्रं, वेळ, नोकरीचं काय करायचं हे मराठीत सरळ कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून आता आठवतंय तोवर लिहून ठेवतेय. थोडं लांब होईल, चहा घेऊन बसा.

मी मूळची ठाण्यातल्या कळव्याजवळच्या खारीगावची, लग्नानंतर नवी मुंबईत ऐरोलीला. २०१३ ला बीकॉम झालं आणि लगेच नोकरीला लागले, अकाउंट्सचं काम. सिनेमा बघायची आवड सगळ्यांनाच असते तशी मलाही होती, पण बनतो कसा हे बघायची ओढ वेगळी असते आणि ती माझ्यात आहे हे कळायला बरीच वर्षं गेली. ऑफिसच्या कार्यक्रमाचे व्हिडीओ मीच एडिट करायचे, त्यातून सुरुवात.

डिसेंबर २०२१ मध्ये जेईटी दिली. ही जॉइंट एंट्रन्स टेस्ट, पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) आणि कोलकात्याची सत्यजित रे फिल्म इन्स्टिट्यूट या केंद्राच्या दोन्ही संस्थांसाठी मिळून २०१८ पासून सुरू झालेली. मी एफटीआयआयच्या टीव्ही विंगच्या एक वर्षाच्या कोर्ससाठी भरली होती, कारण तीन वर्षं घर सोडून पुण्याला राहणं मला शक्य नव्हतं. तीन तासांची परीक्षा, काही पर्याय निवडायचे प्रश्न आणि काही लिहायचे. लिहायच्या भागात मी अक्षरशः अडखळले. वाक्यं सुचत होती पण सगळी कुठेतरी वाचलेली, स्वतः काही बघून लिहिलंय असं एकही नाही. पुढच्या टप्प्यासाठी नाव आलं नाही. वाईट खूप वाटलं, दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. पण त्या फॉर्मने दोन गोष्टी शिकवल्या त्या सांगते.

पहिली, ओबीसीमधून भरणार असाल तर केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं, आपल्याकडे कॉलेजसाठी काढतो ते राज्याच्या नमुन्यातलं असतं. कुठलं हवं ते सेतूमध्ये अर्ज करतानाच सांगावं लागतं. माझ्याकडे राज्याचं होतं, शेवटच्या आठवड्यात कळलं, मग ओपनमधून भरला. दुसरी गोष्ट माझी नाही, ऑफिसमधल्या एका मित्राची. त्याला लाल-हिरवा रंग नीट वेगळा ओळखता येत नाही म्हणून त्याने एडिटिंगचा विचारच सोडून दिला होता. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की रंगांधळेपणामुळे एफटीआयआयने कुठल्याही कोर्सला नकार देऊ नये. हे त्याला मी वर्षभराने सांगितलं. कोणाला आधी कळून उपयोग झाला तर बरं.

पुढचं वर्ष नोकरी आणि बचत यातच गेलं. नवऱ्याशी आणि सासूबाईंशी बोलून ठरवलं की दोन वर्षांची फी आणि खर्च बाजूला पडला की मी नोकरी सोडेन. सासूबाई म्हणाल्या, "शिकतेस तर पूर्ण शीक, अर्धवट ठेवू नको." त्यांचं स्वतःचं शिक्षण दहावीला थांबलं होतं, त्यामुळे त्या वाक्याचं वजन मला माहिती होतं.

२०२३ च्या मे महिन्यात नवी मुंबईतल्या एका कॉलेजमध्ये, मुंबई विद्यापीठाशी संलग्न, या एमएची चौकशी केली. नाव लिहीत नाही, कारण कॉलेजचं कौतुक किंवा तक्रार हा विषय नाहीये. सेल्फ फायनान्स्ड, म्हणजे विनाअनुदानित कोर्स. पहिल्या वर्षाची फी ९२ हजार, दोन हप्त्यांत भरली, ५० आणि ४२. शिवाय ५ हजार डिपॉझिट. कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीकॉमला काही अडचण नाही. आधी विद्यापीठाच्या साइटवर प्री-ॲडमिशन नोंदणी, त्याची प्रिंट, मग कॉलेजची लेखी परीक्षा आणि इंटरव्ह्यू. लेखीत एक फोटो दिला होता, त्यावर गोष्ट लिहायची. जेईटीच्या अनुभवाने मी यावेळी फोटोत काय आहे ते आधी दहा मिनिटं नुसतं बघितलं आणि मग लिहायला घेतलं. इंटरव्ह्यूत विचारलं, दहा वर्षं अकाउंट्स केलंस, त्याचा इथे काय उपयोग? मी म्हटलं, पावत्या सांभाळता येतात, बजेट करता येतं. समोरच्या मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पुढे त्याच माझ्या गाइड झाल्या.

आता कागदपत्रं. इथे माझे तीन आठवडे गेले. पदवीच्या सगळ्या मार्कशीट माहेरच्या नावाने, आधार आणि पॅन सासरच्या नावाने. आणि आता प्रवेशासाठी एबीसी आयडी लागतो, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ पासून आलंय, तुमचे सगळे क्रेडिट्स, म्हणजे प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर मिळणारे ठरलेले एकक, तिथे जमा होतात. तो डिजिलॉकरमधून काढायचा, म्हणजे नाव आधारवरचं येतं. विद्यापीठाच्या रेकॉर्डला जुनं नाव, आयडीला नवीन, फॉर्म दोनदा परत आला. शेवटी मॅरेज सर्टिफिकेट, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं ॲफिडेव्हिट, असं जोडून झालं. तेव्हाच दुसरं ॲफिडेव्हिट गॅपचं, २०१३ ते २०२३ मध्ये दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता याचं. दोन्ही १०० च्या स्टॅम्पवर, नोटरीचे वेगळे. आता ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० च्या स्टॅम्पवर होणारी बरीचशी कामं ५०० वर गेली आहेत, त्यामुळे ॲफिडेव्हिट करायच्या आधी ऑफिसमध्ये नक्की विचारा की साध्या कागदावरचं सेल्फ डिक्लरेशन चालेल का. बऱ्याच ठिकाणी चालतं आणि कोणी आपणहून सांगत नाही. आणि लग्न झालेल्या मैत्रिणींनो, पुढचं शिक्षण पदवीवरच्याच नावाने करा, शेवटच्या मार्कशीटपर्यंत तेच नाव ठेवा, मध्येच बदलायला जाऊ नका. मॅरेज सर्टिफिकेटच्या पाच झेरॉक्स कायम बॅगेत ठेवा.

ऑगस्ट २०२३ ला वर्ग सुरू झाले. आमची बॅच नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली, म्हणजे दोन वर्षांत ८८ क्रेडिट्स, प्रत्येक सेमला २२. एक वर्ष करून थांबलात तर ४४ क्रेडिट्सवर पीजी डिप्लोमा मिळून बाहेर पडता येतं, हे मला फार धीर देणारं होतं, कारण मनात सारखं होतं की पैसे संपले तर काय. वर्गात मी सगळ्यात मोठी, बाकी पोरं २१-२२ची. पहिले काही दिवस ती मला मॅडम म्हणायची, मग ताई, मग दुसऱ्या सेमपासून सरळ नावाने. मला ते आवडलं.

पहिल्या सेममध्ये सिनेमाचा इतिहास, स्क्रिप्ट, कॅमेऱ्याची ओळख, आणि रिसर्च मेथडॉलॉजी ४ क्रेडिट्सची. रिसर्च मेथडॉलॉजीला सगळे वैतागतात. मीही वैतागले होते, पण पुढे तिसऱ्या सेमला कळलं की प्रश्न नीट विचारायची सवय तिथेच लागली होती. इतिहासाच्या तासाला एक गोष्ट ऐकून मी चकित झाले. प्रभात कंपनी कोल्हापूरहून १९३३ ला पुण्यात आली आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० ला एफटीआयआय उभी राहिली. मी त्या संस्थेचा फॉर्म भरला होता पण ही जागा कोणाची होती हे मला माहिती नव्हतं. डिसेंबरमध्ये आम्ही काही जण पुण्याला जाऊन तो परिसर बघून आलो, बाहेरून जेवढा दिसतो तेवढा. मला रडायला आलं नाही की काही नाही, उलट छान वाटलं.

दुसऱ्या सेममध्ये ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, ४ क्रेडिट्स, १२० तास. ते स्वतः शोधावं लागतं. मी १४ ठिकाणी मेल टाकले, दोन उत्तरं आली. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला मराठी मालिकांची शूटिंग चालतात, तिथे एका सेटवर थर्ड एडीला, म्हणजे तिसऱ्या असिस्टंट डायरेक्टरला, मदत म्हणून लागले, मे २०२४. बारा तासांची शिफ्ट, दहा दिवसांत १२० तास भरतात, पण मी २६ दिवस राहिले. पैसे नाही, जेवण आणि रात्री उशीर झाला तर गाडी. काम काय, तर कंटिन्युइटीचे, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटमध्ये तसंच राहावं म्हणून, फोटो काढायचे, कलाकारांना स्क्रिप्टची पानं पोचवायची, कोणाच्या हातात कुठल्या सीनला बांगडी होती ते लिहायचं. मुलींसाठी एक सांगते, पहिल्याच दिवशी परत जायची सोय प्रॉडक्शनला विचारून घ्या, संकोच करू नका, ते विचारणं सेटवर नेहमीचं आहे.

तिथला एक बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरणारा दादा, पन्नाशीचा असेल, त्याच्यामुळे माझा सगळा कोर्स बदलला असं म्हटलं तरी चालेल. तो सीन लागायच्या आधी खोलीच्या मध्ये जाऊन डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणाला, चित्र सगळेच बघतात, खोली ऐकायला कोणीच थांबत नाही. मग त्याने मला ऐकायला लावलं. एसीची घरघर, वरच्या मजल्यावरची खुर्ची, लांब कुठेतरी चाललेलं ड्रिलिंग. घरी आले तर फ्रिजचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला, बारा वर्षं तिथेच होता. ओजेटीचं पत्र घेताना लेटरहेड, सही, शिक्का, तारखा आणि एकूण तास हे पाचही आहेत ना बघा, माझ्या पत्रावर तास लिहिले नव्हते म्हणून परत जावं लागलं, ऐरोलीहून घोडबंदर म्हणजे अर्धा दिवस.

जुलै २०२४ मध्ये एक आशा लागली होती, सरकारने मुलींची फी माफ केल्याचा जीआर आला. मी लगेच महाडीबीटी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांची साइट, उघडून बसले. पण ती माफी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश झालेल्या व्यावसायिक कोर्सना आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत वगैरे. आमच्या कोर्सचा प्रवेश कॅपमधून नाही, त्यामुळे नाही बसलं. दुसऱ्या वर्षाचे ९२ हजार भरले. त्या दिवशी बँकेचं बॅलन्स बघून पोटात गोळा आला होता हे खरं. मग शनिवार-रविवारी दोन दुकानांचं जीएसटीचं काम घेतलं, ते शेवटपर्यंत चालू ठेवलं.

तिसऱ्या सेमला रिसर्च प्रोजेक्ट सुरू होतो, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिट्स. आमच्याकडे फिल्म आणि तिच्यासोबत लेखी प्रबंध असं होतं. मी पहिले तीन विषय नेले, तिन्ही मॅडमनी परत दिले. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, तुझ्या घरात असं काय आहे जे बंद पडत चाललंय? मी न विचार करता म्हटलं, धवला.

आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नात धवलारीण असते. मांडवापासून, घाणा भरण्यापासून हळद-लग्नापर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या विधीचं पारंपरिक गाणं, गाऊन लग्न पुढे नेणारी बाई. माझ्या बाबांची काकू, आम्ही तिला धाकटी आजी म्हणतो, ती धवलारीण. वय ऐंशीच्या पुढे, लिहिता-वाचता येत नाही, सगळं तोंडपाठ. आता हळदीला डीजे असतो, आजीला बोलावतात, पण दोन ओळी झाल्या की कोणीतरी सांगतं आजी आता पुरे. लेखी प्रबंधासाठी वाचताना कळलं की धवळे हा प्रकार मराठीत तेराव्या शतकातल्या कवयित्री महदंबेपर्यंत मागे जातो. मी हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग ती पन आमच्यातलीच का गो?" त्या प्रश्नाचं उत्तर मी प्रबंधात पूर्ण देऊ शकले नाही, पण तो प्रश्न पहिल्या पानावर लिहिला. प्रबंध मराठीत लिहायला मॅडमनी परवानगी दिली, तुम्हीही आधीच विचारून लेखी घ्या.

ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ परवानग्या. इथे बऱ्याच मुलांचं गाडं अडतं कारण सगळे आधी कॅमेरा बुक करतात. मी उलटं केलं. आधी एक यादी केली की प्रत्येक सीनची जागा कोणाच्या मालकीची आहे. घर असेल तर घरमालकाचं पत्र. गावातला रस्ता, तलाव, बाग म्हणजे महापालिका आणि शिवाय स्थानिक पोलीस ठाण्यात माहिती. खाडीकाठ म्हणजे कांदळवन, वनविभागाचा विषय, आणि फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग असेल तर परवानगीशिवाय कॅमेरा नेऊच नका. रेल्वे म्हणजे मध्य रेल्वेची स्वतंत्र परवानगी आणि फी, विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये बसणं कठीण. ड्रोन म्हणजे डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल झोन बघणं, शिवाय पोलीस. मी ड्रोन काढून टाकला, कळवा स्टेशनवरचा सीनही काढला. आजीच्या अंगणात लोकलचा आवाज सतत येतोच, स्टेशन दाखवायची गरजच नव्हती. कागद बघता बघता फिल्म सुधारली असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कॉलेजचं बोनाफाइड आणि "हा शैक्षणिक प्रकल्प आहे" असं पत्र प्रत्येक ठिकाणी लागतं, एकदम दहा प्रती सही-शिक्क्याच्या करून घ्या. आणि ज्यांना शूट करणार त्यांचं संमतीपत्र. धवला पारंपरिक आहे, त्याचा कोणी एक कवी नाही, पण गाणाऱ्याचा हक्क वेगळा असतो, कॉपीराइट कायद्यात परफॉर्मर्स राइट ५० वर्षांचा आहे. आजीला मी संमतीपत्र वाचून दाखवलं, पूर्ण, हळूहळू, दोनदा. तिने ऐकलं आणि एकच अट घातली, "माजा आवाज इकायचा नाय." ती ओळ मी पेनाने पत्रात लिहिली आणि मग तिचा अंगठा घेतला. छापील नमुना वापरलात तरी अशी जागा मोकळी ठेवा.

शूट २२ फेब्रुवारी २०२५, शनिवार, माझ्या चुलतभावाच्या हळदीला. आम्ही चौघं, कॅमेऱ्याला वर्गातला मित्र, साउंडला मी स्वतः. आणि सगळं फसलं. आजीला लेपल, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, लावला होता, बूम वेगळा, रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला, लेव्हल नीट. पण बाजूच्या गल्लीतही हळद होती, दोन डीजे एकदम, आजीचा आवाज मीटरवर दिसत होता पण कानाला नाही. चित्र फार सुंदर आलं, पिवळी हळद, मांडवाचे दिवे, आजीचा चेहरा. आवाज शून्य. रात्री साडेबाराला मी पायरीवर बसले होते आणि मला कळेना की दीड वर्षाचं काय झालं. आजी आली, म्हणाली, "जेवलीस का? उद्या बोलू, आदी जेव."

दुसऱ्या दिवशी तिनेच उपाय सांगितला. म्हणाली, मी तर पहाटे जात्यावर बसायचे तेव्हा गायचे, तेव्हा कुठे होता कोणाचा आवाज. मग आम्ही ठरवलं, पहाटे तीन वाजता, तिच्या स्वयंपाकघरात. तेव्हा लोकल बंद असतात, लांब पल्ल्याची एखादी गाडी जाते तेवढीच, ती येताना ऐकू आली की थांबायचं. खिडक्यांना गोधड्या लावल्या. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना घराची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना चावी शोधाल आणि फ्रिज परत सुरू करायला विसरणार नाही, ही त्या बूमवाल्या दादाची युक्ती. सुरुवातीला एक मिनिट कोणी बोलायचं नाही, नुसती खोली रेकॉर्ड करायची, रूम टोन म्हणतात त्याला, एडिटला जोड लपवायला हाच लागतो. मार्चमध्ये अशा तीन पहाटा केल्या. आजीने जवळजवळ सहा तास गायलं, मध्ये मध्ये थांबून प्रत्येक धवला कधी म्हणायचा ते सांगितलं. हळदीच्या गोंगाटात दोन ओळींवर थांबवलेली बाई इथे चाळीस मिनिटं सलग गात होती. कॅमेरा आम्ही तिथे चालू केलाच नाही, दुसऱ्या पहाटे सोडून.

फिल्म शेवटी त्यातूनच झाली. चित्र हळदीचं, डीजेचं, आणि मग हळूहळू तो गोंगाट जातो आणि पहाटेचा आवाज येतो. एडिट मी दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनवर केलं, घरच्या लॅपटॉपवर, प्रॉक्सी फाइल्स, म्हणजे मूळ फाइल्सच्या हलक्या कॉपी, बनवून, नाहीतर तो हँग व्हायचा. एप्रिलमध्ये एक हार्ड डिस्क पडून बंद पडली. मी पहिल्या दिवसापासून तीन कॉपी ठेवत होते, एक लॅपटॉपवर, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, त्यातली एक माहेरी. म्हणून वाचले. ऐरोली ते खारीगाव दिघा-विटावा मार्गे रिक्षाने जाऊन ती दुसरी डिस्क आणताना मी ती ओढणीत गुंडाळून छातीशी धरली होती.

खर्च विचारतात सगळे म्हणून सांगते. पाच दिवसांचं कॅमेऱ्याचं भाडं १० हजार, साउंड किट ६ हजार, दोन दिवस लाइट ३ हजार, जेवण-प्रवास साडेसात हजार, दोन हार्ड डिस्क १२ हजार ४००, शेवटचं मिक्सिंग एका छोट्या स्टुडिओत चार तास ४ हजार, प्रबंधाची प्रिंट आणि बाइंडिंग १,८५०. एकूण ४४ हजार ७५०. सोबतच्या वर्गमित्रांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या फिल्मला मी साउंड केलं. भाड्याने घेताना सामानाचे फोटो दुकानातच काढा, लेन्सवर ओरखडा आधीपासून आहे का ते लिहून घ्या. एका दुकानात मी हे केलं नाही आणि डिपॉझिटमधून ८०० कापले गेले.

प्रबंध जमा करायच्या आधी साम्य तपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघणं, होते, युजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत चालतं. त्या रिपोर्टला आमच्याकडे आठ दिवस लागले, शेवटच्या तारखेला धरून बसू नका. मे महिन्यात व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फिल्म बघितली, १७ मिनिटांची आहे, आणि पहिला प्रश्न विचारला की आजीने जिथे शब्द विसरून पुन्हा सुरुवात केली ते का ठेवलंस. मी म्हटलं, कारण तिथे ती ओठातल्या ओठात मागची ओळ म्हणून बघते, पाठ असणं म्हणजे काय ते तिथे ऐकू येतं. त्यांनी मान हलवली आणि पुढे बजेटवर गेले. पावत्यांची फाइल मी पूर्ण नेली होती. २५ मिनिटांत बाहेर आले. खाली येऊन एकटीनेच कटिंग चहा घेतला, हात थोडे थरथरत होते.

रिझल्ट जुलैत, मार्कशीट नंतर दोन आठवड्यांनी हातात, नाव पदवीवरचंच, बरोबर. डिग्री सर्टिफिकेट दीक्षांतनंतर येईल. नोकरी म्हणाल तर सध्या दोन छोट्या माहितीपटांचं लोकेशन साउंड करतेय, महिन्याला पूर्वीच्या पगाराच्या निम्मे पैसे येतात, जीएसटीचं काम अजून सोडलेलं नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण मला आधी कोणी आकडा सांगितला असता तर बचत अजून सहा महिने जास्त केली असती.

रिझल्टच्या आधीच, जूनमध्ये, पेन ड्राइव्ह घेऊन धाकट्या आजीकडे गेले होते. टीव्हीवर लावली. ती चित्राकडे फार बघत नव्हती, डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "तेलाच्या धवल्यात मदली एक ओल खाली-वर झायली माज्याकडून. कोनी शिकल तर चुकीचं शिकल." मी म्हटलं, आजी, कोणाला कळणार नाही. ती म्हणाली, "मना कलतं ना."

सहा तासांतले शब्द सध्या वहीत उतरवतेय, ११ धवले झालेत. कॉलेजचं डिपॉझिट परत मिळायला लायब्ररीचा नो ड्यूज बाकी आहे, पुढच्या सोमवारी जाईन. तेच ५ हजार आले की तुळशीच्या लग्नाआधी दोन पहाटांसाठी रेकॉर्डर भाड्याने घेणार, तेलाचा धवला परत रेकॉर्ड करायचाय.